क्विग्ली मास्तरांनी जिंकलेला खटला

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा बरं. तुमच्या घरामागे एक मोठी, संथ, चहाच्या रंगाची नदी आहे. तुम्ही राहता त्या काठाला एक राज्य आणि समोरच्या काठाला दुसरं. दोन्हीकडचं सरकार वेगळं, पोलीस वेगळे, न्यायालयं वेगळी. आता सांगा, मधली नदी कुणाची?

"अर्धी याची, अर्धी त्याची," असंच म्हणालात ना? चूक. पण वाईट वाटून घेऊ नका. वारिंगा गावातले निम्मे लोक जन्मभर त्या नदीत डुंबून हेच उत्तर देतात, आणि डेस्मंड क्विग्ली मास्तरांची सगळी नोकरी भूगोलाच्या पेपरांतलं हे उत्तर लाल शाईनं खोडण्यात गेली. ऑस्ट्रेलियातली ही मरे नदी सगळीच्या सगळी न्यू साउथ वेल्स राज्याची. पाणी त्यांचं, तळाचा गाळ त्यांचा आणि अलीकडच्या बाजूला काठावर चढून येणारा मातीचा उतारही त्यांचाच. उतार संपून सपाट जमीन लागली की तिथून पुढे व्हिक्टोरिया, आणि त्यात वारिंगा. म्हणजे वारिंगातला माणूस पाय धुवायला खाली उतरला की परराज्यात गेला, आणि पाय पुसत वर आला की स्वदेशी परतला.

ज्ञान कधी वाया जात नाही म्हणतात. मास्तरांचंही गेलं नाही. ते बरोबर त्यांच्यावरच येऊन आदळलं. ते कसं, हे आता ऐका.

नोव्हेंबरात उन्हाळा लागला (तिकडे ऋतू उलटे) आणि मास्तरांची नात टेगन दोन्ही गुडघे सोलून घरी आली. टेगन नऊ वर्षांची, आजी-आजोबांकडेच राहायची. शाळेच्या तरणतलावात माशासारखी पोहायची, पण नदीत शिरायचं म्हणजे तो निसरडा उतार. गावातली बाकीची पोरं गम म्हणजे निलगिरीच्या झाडांच्या मुळांना लोंबकळत माकडांसारखी खाली जायची. टेगन दोनदा गेली, आणि दोन्ही वेळा बसल्या बसल्या गेली.

"आजोबा, मला पायऱ्या करून दे ना," ती म्हणाली.

"देतो की," मास्तर म्हणाले.

मुलांनो, जगातली निम्मी दुखणी या 'देतो की'मधून सुरू होतात.

मास्तरांची बायको नोलीन भांडी पुसत होती. तिनं मागे न बघताच विचारलं, "कुणाची परवानगी घेतलीस का?"

"चार लाकडी पायऱ्या आणि पुढे उभं राहायला एक फळ्यांचा ओटा. त्याला परवानगी?"

"विचारायला काय जातं?"

विचारायला अख्खा दिवस गेला. मास्तरांनी आधी व्हिक्टोरियाच्या नदीकाठ खात्याला फोन लावला. तिकडे बराच वेळ बासरी वाजली आणि मग एक मुलगी म्हणाली, "नदी आमच्याकडे येत नाही. पलीकडच्यांना विचारा." मास्तरांनी पलीकडे फोन लावला. तिकडे पियानो वाजला आणि मग एक गृहस्थ म्हणाले, "बोलताय कुठून? वारिंगा? अहो, ते व्हिक्टोरियात येतं. तुमच्याच लोकांना विचारा." मास्तरांनी पुन्हा अलीकडे लावला. पुन्हा बासरी, पुन्हा तीच मुलगी. "मघाशी तुम्हीच होतात ना?" तिनं इतक्या मायेनं विचारलं की मास्तरांनी आभार मानून फोन ठेवला.

"दोघांचीही हरकत नाही," रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं.

"हरकत नाही असं कोण म्हणालं?" नोलीननं विचारलं.

"हरकत आहे असंही कुणी म्हणालं नाही."

नोलीननं त्यांच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. तिचं मत नवऱ्याशी जुळलं नाही की ती बटाटा वाढायची. मास्तर लग्नाआधी बारीक होते म्हणतात.

पायऱ्या बांधायला शेजारचा कोस्टा मदतीला आला. कोस्टाचं गावात तळलेल्या माशांचं दुकान. मदत म्हणजे तो बर्फाच्या पेटीवर बसायचा, थंडगार बिअरची बाटली गुडघ्यावर ठेवायचा आणि सल्ले द्यायचा.

"खांब आणखी खोल गाड, डेस."

"गाडलाय."

"आणखी. माझ्या मावसभावाचा होड्या बांधायचा धक्का पुरात वाहून गेला होता. तो गेला दक्षिण ऑस्ट्रेलियात. आणि तिथे दंड कुणाला झाला? मावसभावाला!"

"कोस्टा, ती दुसरी पहार दे."

"उठायला लागेल रे."

तरीही शनिवार-रविवार करत पायऱ्या झाल्या. ओटा एका अंगाला किंचित कललेला होता. "ओटा सरळ आहे, नदी कललीय," मास्तर म्हणाले. टेगननं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसऱ्या पायरीवर ठेवला आणि तेवढ्यात वरून आवाज आला, "मिस्टर क्विग्ली? मला ओळखलंत?"

वर नदीकाठ खात्याच्या गणवेशात एक तरुण बाई उभी होती. ती ब्रॉनवेन. मास्तरांच्याच वर्गात शिकून मोठी झालेली. आधी तिनं मास्तरांची तब्येत विचारली, मग नोलीनची विचारली, आणि मग ओशाळं हसून म्हणाली, "मिस्टर क्विग्ली, हे बांधकाम सरकारी जमिनीवर आहे. विनापरवाना. काढून टाकावं लागेल. आणि ही दंडाची पावती. माफ करा हं."

मास्तरांना दंडाचं काही वाटलं नाही. पायऱ्या काढायचं ऐकून वाईट वाटलं. पण खरा घाव वेगळाच बसला. "कुणाच्या जमिनीवर?" त्यांनी विचारलं.

"व्हिक्टोरियाच्या."

"ब्रॉनवेन," मास्तर अगदी हळू आवाजात म्हणाले, "राज्याची हद्द कुठे संपते, हे मी तुला शिकवलं होतं. नकाशा काढून. रंगीत खडूंनी."

"हो का? तेव्हा बहुतेक मला कांजिण्या आल्या होत्या," ब्रॉनवेन म्हणाली.

रात्री नोलीननं फार शहाणपणाचं एक वाक्य उच्चारलं. "दंड भर, पायऱ्या काढ, आणि टेगनला मी रोज तलावावर नेते." मास्तरांनी ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही खेळायला गेला असता. पण टेगनला शब्द दिलेला. शिवाय आपल्याच विद्यार्थिनीनं आपल्याला चुकीचा भूगोल सांगितलेला. दंडाच्या पावतीमागे एक चौकट होती: मान्य नसल्यास न्यायालयात जा. मास्तरांनी त्यात इतकी जोरात खूण केली की पेन टेबलक्लॉथपर्यंत पोचलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पायऱ्यांना आडवी दोरी बांधली आणि पाटी लावली: 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. वापर बंद.'

"म्हणजे काय?" टेगननं विचारलं.

"म्हणजे न्यायाधीश ठरवत नाहीत तोवर यावर कुणी पाय ठेवायचा नाही. निकालाआधीच वापरायला लागलो तर आपल्याला कायद्याची पर्वा नाही असं दिसेल."

"कुणीच नाही? बाकीच्या पोरांनीपण नाही?"

"त्यांचे आजोबा न्यायालयात गेलेले नाहीत," मास्तर म्हणाले.

तर बाकीची पोरं रोज शाळा सुटली की दोरी उचलून आत शिरायची, पाटीवर टॉवेल वाळत घालायची आणि ओट्यावरून धडाधड उड्या मारायची. आणि जिच्यासाठी तो ओटा बांधला ती टेगन पोहण्याचे कपडे घालून वर गवतात बसायची. रोज संध्याकाळी ती एकच प्रश्न विचारायची, "आज ठरलं?" आणि मास्तर रोज म्हणायचे, "न्यायाला वेळ लागतो, बाळ." हे वाक्य म्हणताना पहिल्या आठवड्यात त्यांची छाती फुगायची. नाताळपर्यंत ती सपाट झाली.

न्यायालयाची तयारी कोस्टाच्या दुकानात झाली. कोस्टानं कागदावर बटाट्याच्या तळलेल्या चकत्या एकावर एक रचल्या. या चकत्यांना वारिंगात पोटॅटो केक म्हणतात आणि पुलापलीकडे पोटॅटो स्कॅलप, आणि त्यावरून दोन्ही काठांवर पिढ्यानपिढ्या जेवढे वाद झाले तेवढे नदीवरून झाले नसतील.

"ही सगळ्यात खालची चकती म्हणजे मॅजिस्ट्रेटचं न्यायालय," कोस्टा म्हणाला. "तुझं काम इथे. दंड, किरकोळ मारामाऱ्या, दारू पिऊन गाडी हाकणारे. एकच मॅजिस्ट्रेट सगळं ऐकतो आणि सगळं ठरवतो."

"आणि ज्युरी?"

"ज्युरी दुसऱ्या चकतीपासून. काउंटी न्यायालय. दरोडे वगैरे. गावातली बारा साधी माणसं बसवतात आणि ती ठरवतात गुन्हा झाला की नाही. तिच्यावर राज्याचं सुप्रीम कोर्ट, तिथे खून. आणि ही सगळ्यात वरची, कुरकुरीत, ही देशाची. कॅनबेरातलं हाय कोर्ट." (तुमच्याकडे सुप्रीम वर असतं, ठाऊक आहे मला. इथे हाय वर. उगाच भांडू नका.) "खाली हरलास की वर जायचं, तिथे हरलास की आणखी वर. आणि वरच्यांनी एकदा एखादी गोष्ट ठरवली, की खालच्या सगळ्यांनी मुकाट तसंच म्हणायचं."

मास्तरांचे डोळे चमकले. नदीच्या हद्दीचा प्रश्न हाय कोर्टानं फार वर्षांपूर्वी एका खटल्यात सोडवला होता, हे त्यांना पाठ होतं. अलीकडचा काठ वरपर्यंत न्यू साउथ वेल्सचाच, असं तिथे ठरलं होतं. म्हणजे सगळ्यात वरची चकती आपल्या बाजूची! त्यांनी ती उचलून खाल्ली.

"तिचे पैसे वेगळे," कोस्टा म्हणाला.

तारीख लागली ती जानेवारीतली. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं आणि मास्तर लोकरीच्या काळ्या सुटात होते, जो ते एरवी फक्त अंत्ययात्रांना घालायचे. हातात गुंडाळलेला मोठा नकाशा होता, मागे सँडविचचा डबा घेतलेली नोलीन होती. नोटिशीत साडेनऊची वेळ लिहिली होती. पोचल्यावर कळलं की साडेनऊ सगळ्यांनाच लिहिलेलं असतं. बाकड्यांवर अख्खा जिल्हा बसलेला. दुपारपर्यंत मास्तरांची शेजारच्या माणसाशी इतकी घसट झाली की तो उठून आत गेला तेव्हा त्यांनी त्याला शुभेच्छा दिल्या. त्यानं एक ट्रॅक्टर चोरला होता.

न्यायालयात शिरताना समोरच्या राजचिन्हाकडे मान लववायची असते, बाहेर पडतानाही. मास्तर रीतीभातीचे. आत शिरताना लवले. चष्मा बाहेर राहिला म्हणून परत जाताना लवले. चष्मा घेऊन येताना लवले. नकाशा बाकड्यावरच राहिला होता. शेवटी मॅजिस्ट्रेट बाई चष्म्यावरून म्हणाल्या, "मिस्टर क्विग्ली, एकदा पुरे आहे. गुन्हा कबूल आहे की नाही?"

"नाही, युवर ऑनर. आणि त्याचं कारण असं, की सन अठराशे—"

"नाही एवढंच हवं होतं. आज फक्त नोंद आहे. सुनावणी मार्चमध्ये."

दोन मिनिटं. सुटाला इस्त्री करायला नोलीनला त्याहून जास्त वेळ लागला होता. मास्तर पुन्हा लवले आणि बाहेर आले.

दारात एक वकील बाई भेटली. ज्यांना वकील नाही त्यांना सल्ला द्यायला न्यायालय अशी एक वकील ठेवतं. तिच्या एका हातात फायली होत्या आणि दुसऱ्यात अर्धं केळं. "कबूल करून टाका," ती म्हणाली. "पहिलाच गुन्हा. शिक्षक होतात. नातीसाठी केलंत. पाच मिनिटांत सुटाल. कदाचित परवानगीचा अर्ज करा म्हणतील आणि पायऱ्या तोवर राहूही देतील."

"पण पायऱ्या व्हिक्टोरियात नाहीतच!"

वकील बाईनं केळं संपवलं. "मिस्टर क्विग्ली, हे सिद्ध करायला मी तुम्हाला मदत करू शकते. पण ते सिद्ध झाल्यावर पुढे काय, याचा विचार केलात का?"

"पुढे न्याय," मास्तर म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. ते 'बरं' अगदी नोलीनच्या बटाट्यासारखं होतं.

मार्च उजाडला तेव्हा गम झाडांची साल सुटून खाली पडायला लागली होती आणि पहाटे नदीवर धुकं धरायला लागलं होतं. टेगननं 'आज ठरलं?' विचारणं सोडून दिलं होतं. ती आता नुसती मास्तरांच्या तोंडाकडे बघायची. ते जास्त लागायचं. मास्तरांना वाटायला लागलं होतं, की आपण तिला पायऱ्या नाही, एक उन्हाळाभर वाट बघायला शिकवलं. पण आता माघार कुठली?

सुनावणीच्या दिवशी मात्र मास्तर वर्गात शिकवावं तसे बोलले. सरकारी वकिलानं ब्रॉनवेनला उभं केलं. ती म्हणाली, जमीन व्हिक्टोरियाची. मास्तरांनी नकाशा उलगडला. तो इतका मोठा होता की एक टोक ब्रॉनवेनलाच धरावं लागलं.

"खांब कुठे आहेत?" मास्तरांनी तिला विचारलं.

"उतारावर."

"सगळे?"

"सगळे, मिस्टर क्विग्ली."

"काठाचा माथा कुठे आहे?"

"खांबांच्या वर."

"मग माथ्याच्या खाली जे काही आहे, ते कुठल्या राज्यात?"

ब्रॉनवेननं नकाशाकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. मग तिच्या चेहऱ्यावर कांजिण्यांच्या आठवड्यात बुडालेला तो धडा उजाडला. "अरेच्चा," ती म्हणाली. "न्यू साउथ वेल्समध्ये."

"शाब्बास," मास्तर म्हणाले. तिला गुण द्यायला त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेलासुद्धा.

पुढची वीसेक मिनिटं मास्तर बोलत होते. प्रत्येक खांब, प्रत्येक पायरी, ओट्याची प्रत्येक फळी. यातलं काहीही, बोटभरसुद्धा, व्हिक्टोरियात नाही. सगळं निःसंशय, निर्विवाद, संपूर्णपणे न्यू साउथ वेल्समध्ये आहे आणि ते आपण स्वतःच्या हातांनी तिथे बांधलं आहे. आणि वर हाय कोर्टाचा निकाल. मॅजिस्ट्रेट बाईंनी पेन खाली ठेवलं. गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारची असते, आरोपीची नव्हे, आणि इथे सरकारचीच साक्षीदार आरोपीशी सहमत झालेली होती. "खटला फेटाळण्यात येत आहे," त्या म्हणाल्या. "मिस्टर क्विग्ली, मी आजवर ऐकलेला हा सगळ्यात स्पष्ट पुरावा आहे."

मास्तर लवले. खरं तर त्यांना उडी मारायची होती. कोस्टा मागून ओरडला, "गड्या, जिंकलास!" आणि शिपायानं त्याला बाहेर काढलं.

बाहेर व्हरांड्यात हात मिळवणं चाललं होतं. ब्रॉनवेननंही मिळवला. तेवढ्यात मागच्या बाकावर सगळा वेळ गप्प बसलेला एक माणूस पुढे आला. उन्हानं रापलेला, हातात खाकी टोपी.

"अभिनंदन, मिस्टर क्विग्ली. फार छान बोललात."

"आभारी आहे. आपण?"

"न्यू साउथ वेल्सचं नदी खातं," तो म्हणाला आणि त्यानं टोपी डोक्यावर घातली. "आमच्या हद्दीत विनापरवाना बांधकाम आहे असं आत्ताच कळलं. तुमच्याच तोंडून."

मुलांनो, क्विग्ली मास्तरांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. सभ्य माणसाच्या चेहऱ्याची काही लाज राखावी. एवढंच सांगतो, की नोलीननं त्यांचा हात धरून त्यांना बाकड्यावर बसवलं आणि डब्यातलं सँडविच त्यांच्या हातात दिलं. बटाटा मिळाला असता तर तोच दिला असता.

पुलापलीकडच्या गिलमोर गावात न्यायालय महिन्यातून एकदाच भरायचं. तिथले मॅजिस्ट्रेट एक जाडजूड, झोपाळू गृहस्थ होते. त्यांच्यासमोर वारिंगातल्या सुनावणीची सगळी नोंद ठेवलेली होती आणि ती त्यांनी वाचली होती. बहुधा दोनदा.

"मिस्टर क्विग्ली, इथे तुमचं म्हणणं काय? पायऱ्या व्हिक्टोरियात आहेत असं?"

मास्तरांनी नकाशा आणलाच नव्हता. मधल्या महिन्याभरात त्यांचे खांदे दोन बोटं खाली आले होते. कोस्टानं आदल्या रात्री पुन्हा चकत्या रचल्या होत्या. इथे हरलास तर जिल्हा न्यायालय (पलीकडे काउंटीला हेच नाव), मग सुप्रीम, मग कॅनबेरा! मास्तर नुसते चकत्यांकडे बघत बसले होते, आणि त्यांना भूकही लागली नव्हती.

"नाही, युवर ऑनर," ते म्हणाले. "गुन्हा कबूल आहे."

"का बांधल्यात?"

"नातीला उतरता येत नव्हतं. मातीवरून घसरायची."

"मग झाला का तिला उपयोग?"

  मास्तरांनी खरं ते सांगितलं. "तिनं एकदाही वापरल्या नाहीत, युवर ऑनर. प्रकरण न्यायप्रविष्ट होतं. मीच तिला पाय ठेवू दिला नाही."

मॅजिस्ट्रेट पहिल्यांदाच पूर्ण जागे झाल्यासारखे वाटले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शिक्षेची नोंद करत नाही," ते म्हणाले. "पण बांधकाम महिनाअखेरपर्यंत काढून टाका. कायदा आहे, मला दुसरं काही करता येत नाही. परवानगी हवी तर अर्ज करा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कदाचित..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. नदीकाठच्या सगळ्या कार्यालयांचं वाक्य तसंच संपायचं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. हवेत गारवा होता, पण ऊन लख्ख पडलं होतं. मास्तरांनी दोरी सोडली, पाटी उतरवली आणि ओट्यावर मांडी घालून बसले. हातात मोठा पाना होता. कोस्टा वर काठावर बर्फाच्या पेटीवर बसला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे सल्ला नव्हता.

टेगन पायऱ्या उतरून खाली आली. पोहण्याच्या कपड्यांत. पहिली पायरी, दुसरी, तिसरी, चौथी. मास्तरांनी तिला अडवलं नाही.

"ठरलं?" तिनं विचारलं.

"ठरलं, बाळ. काढायच्या."

"आज?"

"महिनाअखेरपर्यंत. पण मी म्हटलं, उरकून टाकू. कायद्यानं एकदा सांगितलं की रेंगाळू नये."

"महिना संपायला अजून वेळ आहे ना?"

"आहे. पण ठरलं ते ठरलं." मास्तरांनी पाना पहिल्या नटाला लावला. नट गंजला होता. त्यांनी जोर लावला, दम लागला, पाना फळीवर ठेवून ते तळहात चोळायला लागले. "टेगन, मला माफ कर गं," ते नदीकडे बघत म्हणाले. "तुझा उन्हाळा मी न्यायालयात घालवला."

"पाना एकच आहे का, आजोबा?"

"एकच. का?"

टेगननं पाना उचलला. जड होता, दोन्ही हातांनी उचलला. नीट नेम धरून तिनं तो नदीत टाकला. बुडुक् असा आवाज झाला आणि चहाच्या रंगाच्या पाण्यावर गोल गोल वलयं उमटली.

कोस्टा पेटीवरून उठून उभा राहिला. मास्तरांचं तोंड उघडं राहिलं.

"थांब हं, आजोबा. मी काढून आणते," टेगन म्हणाली. मग ती ओट्याच्या पार मागे गेली, धावत आली आणि तिनं उडी मारली.

पाना कुठे पडला ते तिनं अगदी नीट पाहिलं होतं. पण ऊन उतरेपर्यंत, पुन्हा पुन्हा पायऱ्या चढून आणि पुन्हा पुन्हा ओट्यावरून उड्या मारून, ती तो भलतीकडेच शोधत राहिली.